कौलाची खूण

“थांबा! ओढू नका!”

आमचे हे कमरेएवढ्या पाण्यातून ओरडले आणि दोन्ही दोरांवरची तीस-चाळीस माणसं जागच्या जागी थांबली. मी दक्षिणेकडच्या दोरावर होते. दोर हातात असा ताठ झाला की जणू पलीकडून कुणी दुसरी वाडी ओढतेय.

ज्याने रापण कधी ओढली नाही त्याच्यासाठी सांगते. होडीतून जाळं समुद्रात मोठा वेढा घालून टाकतात, त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि अख्खी वाडी मिळून ते ओढते. जाळं खालच्या वाळूवर घासत, मासळी पुढ्यात घेत येतं. म्हणून खाली वाळू लागते, मऊ आणि सपाट. आमच्या सागवेळच्या किनाऱ्यावर माझ्या आजेसासऱ्यापासून रापण कधी कुठे अडली नव्हती.

ह्यांनी दोनदा बुडी मारली. वर आले तेव्हा तोंड उतरलेलं.

“खडप आसा,” हे म्हणाले.

“हयसर खडप? खयसून इला?” दोरावरून कुणीतरी विचारलं.

“इला नाय. होताच. वरची वाळू गेली.”

जाळं सोडवता सोडवता दोन ठिकाणी माणूस जाईल एवढं फाटलं. बांगडा होता तो सगळा आला तसा गेला. ओहोटी लागल्यावर बघितलं तर दक्षिण टोकाला, पाण्याच्या कडेला, म्हशी बसाव्यात तशा खडकांच्या काळ्या पाठी वर आलेल्या. आणि वरच्या अंगाला, जिथे आम्ही बाया मासळी सुकवायचो, तिथे पुरुषभर खोल खड्डा.

खड्डा कुणी केला ते सगळ्यांना ठाऊक होतं. बुधवारी आठवड्याचा बाजार. बाया सुकी मासळी घेऊन बाजारात, पुरुष होड्या घेऊन बाहेर. त्याच दिवशी भरदुपारी दिगूचे डंपर किनाऱ्यावर उतरायचे. संध्याकाळी आम्ही परतायचो तेव्हा चाकांचे चर दिसायचे आणि आम्ही पाट्या सावरत त्या चरांवरून घरी जायचो. दिगू म्हणजे दिगंबर, वाडीच्या वरच्या अंगाचा. लहानपणी माझ्या चुलीपुढे बसून भाकरी खाल्लेला. आता लोक त्याला दिगू शेट म्हणायचे. मी दिगूच म्हणायचे.

हे फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसले. “जावंदे गो,” म्हणाले. “जाळा शिवूया.”

“जाळा शिवशाल. वाळू कशान शिवशाल?”

ह्यांनी मान खाली घातली. चाळीस माणसांना एका हाकेत थांबवणारा माणूस घरात एक शब्द बोलायला दिवस घ्यायचा. त्या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली, पण ते ओलं जाळं आणि ह्यांची खाली घातलेली मान अजून डोळ्यांपुढे आहे. किनारा गेला की रापण गेली, रापण गेली की आमची मेतरवाडी गेली, एवढा हिशेब मला तिसरीतून शाळा सोडूनही येत होता.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बसने तलाठ्याकडे गेले. अर्ज आमच्या थोरल्या सुनेने, शालनने लिहिला. सही मी केली. माझी सही व्हायला वेळ लागतो, पण अंगठा मी आजवर कुणाला दिलेला नाही.

तलाठी नलावडे घाटावरचा, नवा, बिचारा अजून आमच्या घामाला सरावला नव्हता. तिसऱ्या दिवशी आला तो रुमालाने मान पुसतच. खड्डा बघितला, खडपं बघितली, आणि माझ्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, येऊन बसला.

“मावशी, दिगंबर शेटकडे खाडीतली वाळू काढायचा परवाना आहे. तो म्हणतो, माझ्या साठ्यातली सगळी वाळू खाडीची. समुद्रावरची एक पाटीसुद्धा नाही.”

“आणि तो खड्डा काय खेकड्यान काढलो?”

“मला दिसतं हो. पण पंचनाम्याला पंच लागतात. दोन. त्यातला एक तरी वाडीतलाच हवा, जागा माहीत असलेला. साठ्यातली वाळू ह्या किनाऱ्याची आहे हे काहीतरी दाखवून सांगणारा हवा.”

“दोन काय, वीस देतंय,” मी म्हटलं आणि खळ्यातूनच हाका मारायला सुरुवात केली.

गंगाराम म्हणाला पाठ दुखते. सहीला पाठ लागते काय रे, विचारलं, तर आत गेला तो बाहेर आलाच नाही. विठा म्हणाली घरवाल्याला विचारते. आयुष्यात पहिल्यांदा विचारणार होती. रापणीवर माझ्याच पुढे दोर धरणारा कृष्णा माझ्याकडे न बघता म्हणाला, “काकी, माझा नाव नको.” नलावड्याने दफ्तर आवरलं.

“उद्या दहाला परत येतो. पंच मिळाले नाहीत तर अर्ज निकाली काढावा लागेल.”

तो गेला आणि माझं तोंड सुटलं. वाडीतल्या एकेका घराचं नाव घेऊन मी ओट्यावरून बोलत होते. भित्रे, मिंधे, हातात बांगड्या भरा. शालन तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

“आये, ते भियाले नाय.”

“मग काय झाला त्यांका?”

“त्यांच्या खळ्यात काय आसा ता बघा. आणि आपल्या खळ्यात पण.”

आमच्या खळ्याच्या कोपऱ्यात वाळूचा ढीग होता. अर्धा वापरलेला. जत्रेच्या आधी दिगूने वाडीतल्या घराघराला एकेक डंपर फुकट उतरवून दिला होता. खळी सारखी करा, ओटे बांधा, देवीचे दिवस आहेत म्हणून. ओली वाळू होती, डंपरमधून पाणी गळत होतं, आणि डंपर खाडीकडून नव्हे, किनाऱ्याकडून वर आला होता. कुणी काही विचारलं नाही.

“पयलो डंपर कोणी उतरून घेतलो?” शालन हळूच म्हणाली. “बाकीची मागे सरत होती. तुमीच म्हटलात, घेया गो, आपल्याच समुद्राची वाळू, आपल्याच खळ्यात. मगे सगळ्यांनी घेतली. आता पंच म्हणान सही करुक गेली तर पयला त्यांच्याच दारातला उकरतले.”

सुनेला गप्प करायला माझ्याकडे शंभर शब्द होते. मी उठले आणि त्या ढिगाला लाथ मारली. हो, लाथ. पायाला काहीतरी कचकन लागलं.

कौलाचा तुकडा. लाल, कडा झिजलेल्या, वर खिळ्याने कोरलेल्या तीन रेघा.

किनाऱ्यावर मासळी सुकवायच्या जागा आम्ही बायांनी आपसात वाटून घेतलेल्या होत्या. कागद नाही, मोजणी नाही. पावसाळा संपला की प्रत्येकीने आपल्या हद्दीवर जुन्या कौलाचे तुकडे वाळूत पुरायचे, वर आपली खूण कोरून. फुली येसूची. तीन रेघा माझी.

येसू म्हणजे माझी शेजारीण आणि बावीस वर्षांची वैरीण. दक्षिण टोकाची शेवटची जागा तिची, तिच्या अलीकडची माझी. ती गावभर सांगत फिरायची की द्वारका माझी जागा खाते. मी म्हणायचे, समुद्र हिची जागा खातो आणि ही नाव माझं घेते. आमच्या दोन घरांत एक कुंपण आणि बावीस वर्षांचा अबोला.

कौल मी कमरेला खोचलं.

संध्याकाळी दिगू आला. चप्पल बाहेर काढून, नेहमीसारखा ओट्यावर बसला. मी चहा ठेवला. दारी आलेल्याला चहा द्यायची माझी रीत आहे, तो कोण आहे ते नंतर बघते.

“काकी, तू ह्या कित्या करतंस?”

“काय करतंय?”

“अर्ज. तलाठी. तुका काय व्हया ता माका सांग. नव्या जाळ्याक मी देतंय. देवळाच्या सभामंडपाक पण.”

“जाळा टाकूक समुद्र पण देतलंस?”

तो हसला. मग हसू तोंडावर ठेवूनच म्हणाला, “केस झाली तर पयला नाव तुझा येतला. चोरीची वाळू घेणारो पण चोरच. माझ्याकडे परवाना आसा. तुझ्याकडे काय आसा?”

मी कमरेवर हात ठेवला. कौल तिथेच होतं.

“चाय पी, दिगू,” मी म्हटलं. “सावकाश पी. ह्या घरातली ही तुझी शेवटची.”

कप अर्धा ठेवून तो गेला. मी पदर खोचला आणि कुंपणाला वळसा घालून येसूच्या दारात गेले.

वाडीत एकच खळं होतं ज्यात दिगूची वाळू नव्हती.

येसू सुकट निवडत बसली होती. तिने वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं. बस म्हणाली नाही. मी उभीच राहिले.

“तू वाळू घेवक नाय,” मी म्हटलं.

“नाय.”

“कित्या?”

“तू घे म्हटलंस म्हणान. दुसऱ्या कोणी म्हटला असता तर दोन डंपर घेतलं असतंय.”

खोटं बोलणारी बाई नव्हती ती. तेवढं मला वैरातही ठाऊक होतं. मी कमरेचं कौल काढून तिच्यापुढे धरलं. तिने ते हातात घेतलं, रेघांवरून बोट फिरवलं, आणि माझ्याकडे बघितलं.

“खंय गावला?”

“माझ्याच खळ्यात. त्या ढिगात.”

“खड्डो माझ्या जागेत आसा, द्वारका. तुझ्या नाय. मगे तुझा कौल त्या वाळूत कसा गेला?”

सुकटीवर माशा बसत होत्या, तिने हाताने उडवल्या.

“मी सही करतलंय,” ती म्हणाली. “किनारो माझो पण आसा. पण पंच म्हणान जा खरा ता लिवतलंय. हद्द खंय होती ता पण. मगे माका बोल लावायचो नाय.”

बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने मला काहीतरी विचारलं होतं आणि मला उत्तर द्यायचं होतं.

“लिव,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दहाला पंचनामा झाला. एक पंच येसू, दुसरा पोस्टमन आत्माराम, तो पलीकडच्या गावचा, त्याच्या दारात वाळू नव्हती. माझ्या खळ्यातला ढीग मीच उकरून दिला. मग रस्त्याकडचा दिगूचा साठा. तिथे चार फावड्यांत कौलाचे तीन तुकडे निघाले. दोनांवर फुली, एकावर तीन रेघा. नलावडे घामाघूम होऊन लिहीत होता आणि पहिल्यांदाच हसत होता. किनाऱ्यावर येसूने आपल्या हद्दीचं जुनं सुरूचं खोड दाखवलं. तिथून खड्ड्याची कड पावलांनी मोजली. अकरा भरली.

“म्हणजे अकरा पावलं पूर्ण येसूबाईंच्या जागेत?” नलावड्याने विचारलं.

“माझ्या,” येसू म्हणाली. माझ्याकडे न बघता.

त्याने ते लिहिलं. लिहिताना त्याला कळलं नाही काय लिहिलं ते. मला कळलं.

पंधरा दिवसांनी तालुक्याला सुनावणी. तहसीलदार बाई होत्या, चष्म्यातून थेट बघणाऱ्या. अर्धी वाडी मागच्या बाकांवर. सही त्यांतल्या एकाची नव्हती, पण आले होते. दिगूने जिल्ह्याचा वकील आणलेला. पांढराशुभ्र, आवाज गोड.

“द्वारकाबाई, हे कौल तुमचं?”

“माझा.”

“खूण तुमची?”

“माझी.”

“तुमची हद्द कुठपर्यंत?”

“सुरूच्या खोडापर्यंत.”

“छान.” त्याने पंचनामा वर धरला. “बाईसाहेब, इथे पंच येसूबाईंनी स्वतः सांगितलंय की ह्यांची जागा सुरूच्या खोडाशी संपते. खड्डा तिथून अकरा पावलं पुढे सुरू होतो. मग ह्यांच्या खुणेचं कौल खड्ड्यातल्या वाळूत जाईल कसं? नाही जाऊ शकत. हे तुकडे नंतर साठ्यात घातले गेलेत. अशिलावर आकस आहे. शिवाय ह्याच बाईंनी अशिलाकडून वाळू घेतलेली आहे.”

मागे कुजबुज झाली. दिगू खुर्चीत मागे रेलला. नलावड्याचा चेहरा पडला. तो आपले कागद पुन्हा पुन्हा चाळायला लागला.

तहसीलदार बाईंनी पेन खाली ठेवलं. “ह्याचं उत्तर आहे तुमच्याकडे?”

होतं. बावीस वर्षं होतं. मागच्या बाकावर माझी सून होती, दीर होता, आमचे हे मान खाली घालून होते, आणि जिच्यापुढे मी कधी मान खाली घातली नाही ती येसू दोन हातांच्या अंतरावर बसली होती.

“मी ता कौल सरकवलं,” मी म्हटलं.

“कधी?”

“दर वर्षी. पावसाळा सरला की जागा आखतात. आखायच्या आधल्या दिवशी मी एकटी जायचंय आणि माझा कौल गेल्या वर्सापेक्षा एक हात पुढे, तिच्या जागेत सरकवून पुरायचंय. एकच हात. ध्यानात येवचा नाय एवढाच.”

“किती वर्षं?”

“बावीस.”

वकील हसला. “म्हणजे सरकारी किनाऱ्यावरची दुसरीची जागा बळकावल्याची कबुलीच दिलीत तुम्ही.”

“दिली. लिवा. तिची जागा मी खाल्ली, ता लिवा. दिगूचो पयलो डंपर माझ्या खळ्यात उतरलो, ता पण लिवा आणि माका काय दंड करुचो तो करा. पण वकीलसाहेब, मी कौल सरकवलं. वाळू खयच नेवक नाय. वाळू होती थंयच होती. ती ह्येनी नेली.”

तहसीलदार बाई लिहीत होत्या. लिहिता लिहिता थांबल्या.

“बावीस हात,” त्या म्हणाल्या. “म्हणजे पावलं किती होतात, नलावडे?”

नलावडे उठून उभाच राहिला. खोलीच्या भिंतीकडेने हाताने मोजत गेला, मग तेच अंतर पावलांनी चालत आला. दोनदा केलं.

“तेरा, मॅडम. बारा-तेरा.”

“आणि खड्डा अकराव्या पावलापासून सुरू होतो.” त्यांनी वकिलाकडे बघितलं. “मग कौल खड्ड्यातच असणार. खाडीत नाही. बसा आपण.”

दिगू आता रेललेला नव्हता.

येसूला पुन्हा विचारलं, हे खरं का. ती उभी राहिली. “बावीस वर्सां मी ह्याच सांगत होतंय, बाईसाहेब,” ती म्हणाली. “कोण आयकत नव्हता. आज तिच्याच तोंडान आयकलंय.” मग बसता बसता पुटपुटली, “आता मरूक हरकत नाय.” अख्खी कचेरी हसली. मी सोडून.

महिन्याभरात हुकूम आला. दिगूचा परवाना गेला, दोन डंपर जप्त झाले, दंड त्याला झाला आणि एका डंपरच्या वाळूचा मलाही झाला. मी तो स्वतः जाऊन भरला. कारकून म्हणाला, पोराला पाठवायचं होतं. म्हटलं, वाळू पोराने घेतली नव्हती. पावती माझ्या नावाची आहे. लग्नाच्या पेटीत ठेवलेली आहे.

खळ्यांतली वाळू उचलायला सरकारी माणूस येणार होता म्हणे. आम्ही वाट बघितली नाही. तहसीलदार बाईंकडून लेखी परवानगी आणली, कारण आता कागदाशिवाय वाळूला हात लावायचा नाही एवढं कळलं होतं. मासळीच्या पाट्यांनी बायांनी सगळी वाळू खड्ड्यात नेऊन ओतली. पहिली पाटी माझ्या डोक्यावर होती. विठाने यावेळी घरवाल्याला विचारलं नाही. गंगारामची पाठही बरी झाली होती. खड्डा काही तेवढ्याने भरत नाही. तो समुद्राने चार पावसाळ्यांत हळूहळू भरला. खडपांच्या दोन पाठी अजून उघड्या आहेत. रापण तिथून थोडी उत्तरेला ओढतात, पण ओढतात.

कौलं मुद्देमाल म्हणून कचेरीत राहिली ती परत आलीच नाहीत. पावसाळा संपला, जागा आखायचा दिवस ठरला. मी घरामागच्या पडक्या गोठ्यावरून एक नवं कौल काढलं, तीन रेघा कोरल्या.

आणि खोटं कशाला सांगू, आदल्या दिवशी उन्हं उतरल्यावर ते पदराखाली घेऊन किनाऱ्यावर गेले. सरकवायला गेले होते की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. पाय बावीस वर्षं त्या दिवशी तिकडेच जात होते.

सुरूच्या खोडाला टेकून येसू बसली होती. मांडीवर पानाची पिशवी, शेजारी फुली कोरलेलं कौल, आणि पायाशी दोन कौलांपुरते उकरून ठेवलेले दोन खड्डे.

“ये गो, बस,” ती म्हणाली आणि पानाला चुना लावायला लागली. “आखायचो आधलो दिवस तू कचेरीत बाईसाहेबांका सांगितलंस, तो मी नीट आयकलंय.”